'सपोर्टिव्ह केअर'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: गर्भाशय, गर्भाशयमुख, अंडाशय यांच्या कॅन्सरचे उपचार संपवून घरी जाणाऱ्या बायकांसाठी माहितीपत्रक लिहितेय. 'सपोर्टिव्ह केअर', म्हणजे आजार आणि उपचारांमुळे होणाऱ्या त्रासांवरची मदत, तिला 'सहाय्यक उपचार' म्हणणं फार सरकारी वाटतं. 'परिहार सेवा' चालेल?

प्रतिसाद १: नको. तो शब्द पॅलिएटिव्ह केअरसाठी (गंभीर आजारात वेदना, त्रास कमी करणारी सेवा) रुळलाय आणि ऐकणाऱ्याला, चुकीनं का होईना, 'आता इलाज नाही' असंच वाटतं. बरी होऊन निघालेली बाई धसका घेईल. 'आधारोपचार' लिहा. आणि 'क्वालिटी ऑफ लाइफ'ला 'जीवनमान' नको, त्यातून पगारपाण्याचा अर्थ निघतो.

प्रतिसाद २: ताई, शीर्षकाला आधारोपचार छान. पण आत 'योनिशुष्कता', 'लसिकासूज' (लसिकाग्रंथी, म्हणजे लिंफ नोड, काढल्यावर पायाला येणारी सूज) छापलंत, तर हे आपल्याबद्दल आहे हेच तिला कळणार नाही. बायका रेडिएशनला 'लाईट' म्हणतात, गर्भाशय काढलं की 'पिशवी काढली'. या 'पिशवी'त अंडाशयं गेली की राहिली ते कळत नाही, म्हणून ते वेगळं लिहाच. ती काढली असतील किंवा लाईटनं निकामी झाली असतील, तर पस्तिशीतच पाळी जाते. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, पुढे हाडं ठिसूळ होतात. घरचे म्हणतात, आता बरी झालीस ना, मग चिडतेस कशाला?

त्रास थेट विचारा. ओटीपोटातल्या लसिकाग्रंथी काढल्या असतील तर 'एका पायाची चप्पल घट्ट व्हायला लागली का?' लाईटनंतर योनिमार्ग आखडतो, म्हणून 'संबंधाच्या वेळी दुखतं का?' त्यावर डायलेटर (योनिमार्ग हळूहळू मोकळा करायचं साधन), जेल असे उपाय आहेत, पण सासू किंवा नवरा शेजारी असताना 'काही त्रास?' विचारलं तर उत्तर 'नाही' हेच येणार. नर्सनं तिला एकटीला बसवून हे प्रश्न वाचून दाखवावेत, अशी सूचना पत्रकावरच छापा.

प्रश्नकर्ती: हे सगळं घेते. 'सर्व्हायव्हर'ला 'कर्करोगविजेती'?

प्रतिसाद २: मला पटत नाही. दर तपासणीच्या आदल्या रात्री जिच्या पोटात गोळा येतो, तिच्यावर विजयाचं ओझं कशाला? 'उपचार पूर्ण झालेल्या' पुरे.

प्रतिसाद ३: एक राहिलं. उपचारांनंतर रक्त दिसलं की काहीजणी 'पाळी परत आली' म्हणून खूश होतात आणि गप्प बसतात. 'अंगावरून लाल गेलं तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट बघू नका, लगेच दाखवा', हे ठळक अक्षरात, पहिल्याच पानावर घाला.