मदत हवी आहे: पार्क सिटीत (युटा) बॅचलरेट वीकएंड, नऊ जणींनी जेवायचे कुठे?

चांदणवेल:

नमस्कार. मार्चच्या पहिल्या वीकएंडला मैत्रिणीच्या लग्नाआधी आम्ही नऊ जणी पार्क सिटीला जातोय. शुक्रवारी दुपारी सॉल्ट लेक विमानतळावर उतरणार, सोमवारी सकाळी परत. घर ओल्ड टाउनमध्ये, मेन स्ट्रीटच्या चढावर घेतले आहे आणि त्याला मोठे स्वयंपाकघर आहे. स्कीइंग पाचच जणी करणार. नवरी करणार नाही.

अडचणी अशा:
चौघी शाकाहारी, त्यातल्या एकीला अंडेही चालत नाही. नवरीची धाकटी बहीण २० वर्षांची आहे. दोघींकडे भारतीय पासपोर्ट आहे, अमेरिकन लायसन्स नाही. गाडी एकच, सात सीटची, भाड्याची.

हवे आहे ते असे: एक रात्र थाटाची, एक रात्र घरी केळवणासारखी आणि एक मस्त ब्रंच. ब्रंचला सगळ्यांना अमर्याद मिमोसा (फेसाळ वाइन आणि संत्र्याचा रस) हवे आहेत. युटाचे दारूचे नियम वेगळे असतात एवढेच ऐकून आहे. कोणी नीट सांगेल का?

सॉल्टलेककर:

आधी नियम बघा, मग हॉटेलांची नावे. युटात बेत फसतो तो बहुतेक इथेच.

अमर्याद मिमोसा विसरा. ठरलेल्या पैशात हवे तितके पेय देणे युटात कायद्याने बंद आहे. ‘हॅपी अवर’ची स्वस्त पेयेही नाहीत. रेस्तराँमध्ये मद्य हवे तर सोबत खाणे मागवावेच लागते. आठवड्याच्या दिवशी सकाळी ११:३० पासून आणि शनिवार-रविवारी १०:३० पासून मद्य मिळते. म्हणजे रविवारी ९ चे टेबल घेतले तर दीड तास कॉफीवरच काढावा लागेल. ब्रंचचे आरक्षण १०:३० किंवा त्यानंतरचेच घ्या.

एका पेयात मुख्य मद्य दीड औंसापेक्षा जास्त घालता येत नाही, त्यामुळे ‘डबल’ मिळणार नाही. एका वेळी एका व्यक्तीपुढे दोनच पेये ठेवता येतात, त्यातलेही कडक मद्याचे एकच.

बहिणीचा मुद्दा सर्वात महत्त्वाचा. युटात ‘बार’ आणि ‘रेस्तराँ’ हे वेगवेगळे परवाने आहेत. बारचा परवाना असलेल्या जागी २१ च्या खालच्या व्यक्तीला दारातूनच परत पाठवतात, आईवडील सोबत असले तरी. नो नेम सलून, द स्पर, ओल्ड टाउन सेलर्स ही सगळी मेन स्ट्रीटवरची चांगली ठिकाणे आहेत, पण तिच्यासाठी बंद. रेस्तराँमध्ये ती बसू शकते, मात्र बारच्या काउंटरजवळ नाही. आरक्षण करताना ‘डायनिंग रूममधलेच टेबल’ असे स्पष्ट सांगा. नाहीतर कधी कधी मोठ्या गटाला बारलगतची उंच टेबले देतात आणि तिथे तिला उठवतील.

पासपोर्टवाल्यांनी मूळ पासपोर्टच न्यायचा. फोटो, झेरॉक्स, भारतीय लायसन्स यांवर काम होत नाही. पासपोर्ट घरी विसरला तर तिला जेवण मिळेल, वाइन मिळणार नाही. वय पस्तीस दिसत असले तरी फरक पडत नाही.

गाडी चालवणारीने एक थेंबही घेऊ नये. रक्तातल्या मद्याची मर्यादा इथे ०.०५ टक्के आहे (२०१८ च्या अखेरीपासून), इतर राज्यांत ०.०८ असते. त्यात तुम्ही सुमारे ७००० फुटांवर असणार. प्रवासाचा थकवा आणि कोरडी हवा यांमुळे पहिल्या रात्री दोन पेल्यांतच डोके दुखू लागते. प्रत्येक पेल्याबरोबर एक ग्लास पाणी आणि पहिली रात्र हलकी, हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

बर्फवाट:

दुकानाबद्दल भर घालते. किराणा दुकानात फक्त बिअर मिळते, तीही ५ टक्के अल्कोहोलपर्यंतची. वाइन, प्रोसेको, कडक मद्य हे सगळे सरकारी दुकानातच, आणि ती दुकाने रविवारी व सुट्टीच्या दिवशी बंद. विमानतळावरून येताना आय-८० वरून वळल्यावर किंबॉल जंक्शनला सरकारी दुकान लागते. बाजूच्याच भागात स्मिथ्स आणि होल फूड्स ही किराणा दुकाने आहेत. तिन्ही कामे शुक्रवारीच उरकून गावात शिरा. एकदा ओल्ड टाउनमध्ये गाडी लावली की ती पुन्हा काढावीशी वाटत नाही. रस्ते अरुंद आहेत, चढ तीव्र आहे आणि संध्याकाळी मेन स्ट्रीटचे पार्किंग पैसे भरूनही सहज मिळत नाही. चायना ब्रिजचा पार्किंग मजला जवळ आहे, पण शनिवारी तोही भरतो.

नऊ जणी सात सीटच्या गाडीत मावणार नाहीत, तेव्हा गावात गाडीचा विचारच सोडा. शहर बस मोफत आहे, मेन स्ट्रीटवरची ट्रॉलीही मोफत. ओल्ड टाउनच्या बसस्थानकातून डिअर व्हॅलीला (वरच्या अंगाचे स्की रिसॉर्ट) बस जाते. स्की पास नसलेल्यांनाही ती चालते, म्हणजे नवरीला दुपारी वरच्या हॉटेलांत जाऊन बसता येईल.

पायात बर्फाचे बूटच घाला. नाजूक चपला पिशवीत न्या आणि टेबलापाशी बदला. मेन स्ट्रीट उतारावर आहे आणि ओल्ड टाउनच्या लाकडी जिन्यांवर रात्री बर्फ गोठतो.

ताटवाटी:

आता जागा. मेन स्ट्रीटवरच्या बऱ्याचशा इमारती १८९८ च्या आगीनंतर उभ्या राहिल्या. खाणकामगारांच्या गावाच्या अरुंद जागा आहेत त्या, त्यामुळे खोल्या लांबट आणि निरुंद. नऊ जणींचे सलग टेबल फार थोड्या ठिकाणी असते. आरक्षणाच्या ॲपवर नऊ टाकले की बहुधा ‘उपलब्ध नाही’ दिसते, कारण बऱ्याच जागी ऑनलाइन मर्यादा सहा किंवा आठ असते. जागा नाही असा त्याचा अर्थ नव्हे. दुपारी दोन ते चारमध्ये, म्हणजे गर्दी नसताना, फोन करा. चार आणि पाचची शेजारशेजारची दोन टेबले एकाच वेळी मिळाली तरी घ्या. मोठ्या गटाला कार्ड क्रमांक मागतात आणि ऐनवेळी रद्द केल्यास माणशी दंड लावतात. ती मुदत २४ तास आहे की ७२, हे फोनवरच लिहून घ्या. बिलात विक्रीकर जवळपास दहा टक्के धरा. मोठ्या गटाच्या बिलात टिप बऱ्याचदा आधीच लावलेली असते, ती बघून मगच वर काही द्यायचे का ते ठरवा.

थाटाच्या रात्रीसाठी मी रिव्हरहॉर्स ऑन मेन निवडेन. १९८७ पासून चालू आहे, जुन्या मेसॉनिक हॉलच्या इमारतीत, आणि वादन-गायन असते. मॅकाडेमियाचा थर दिलेला हॅलिबट ही त्यांची ओळख. मासे खाणाऱ्या पाच जणी खूश होतील. शाकाहारी चौघींसाठी आरक्षणाच्या वेळीच सांगा, आयत्या वेळी नको. वेळ ६ किंवा ६:३० ची घ्या. डोंगरातल्या गावात स्वयंपाकघरे नऊ-साडेनऊला आवरू लागतात. मुंबई-पुण्याच्या सवयीने रात्री दहाला जेवायला निघालात तर बारमधला बर्गरच हाती येईल.

जरा मोकळे, वाटून खायचे असेल तर हेबर ॲव्हेन्यूवरचे हॅन्डल. लहान लहान पदार्थ मागवून मध्ये ठेवायचे. तिथली बफेलो कॉलिफ्लॉवर प्रसिद्ध आहे. शाकाहारींना एकच कोरडी भाजी देऊन बाजूला बसवले, असे या पद्धतीत होत नाही.

हाय वेस्ट सलून रात्रीपेक्षा दुपारी बरे. जुन्या तबेल्याच्या आणि शेजारच्या घराच्या वास्तूतली ही ‘हाय वेस्ट’ व्हिस्की बनवणाऱ्यांचीच जागा आहे आणि ‘क्विटिन टाइम’ या उतारावरून थेट स्की करत तिथे पोहोचता येते. पाच जणी उतारावरून आणि चौघी पायी, अशा सगळ्या एकत्र येऊ शकतात. फक्त ३ ते ५ मध्ये सगळे गाव तिथे लोटते. चारला लिफ्ट बंद होण्याआधी, अडीचच्या सुमारास पोहोचा.

चांदणवेल:

खूपच उपयोगी, मनापासून आभार. दोन प्रश्न. डिअर व्हॅलीचे फायरसाइड डायनिंग सगळीकडे सुचवले जाते, शाकाहारींसाठी ते कसे? आणि केळवणाच्या रात्री त्या उंचीवर स्वयंपाक नीट होतो का?

ताटवाटी:

फायरसाइड एम्पायर कॅन्यन लॉजमध्ये, फक्त हिवाळ्यात आणि ठरावीक संध्याकाळीच असते. शेकोटीसमोर वितळवलेले रॅक्लेट चीज, बटाटे, लोणच्यातल्या काकड्या, मग रस्से आणि आगीवर भाजलेला मेंढीचा पाय, शेवटी चॉकलेटचे फॉन्ड्यू. वातावरण सुंदर आहे, मांसाहारींना पैसे वसूल. शाकाहारींना मात्र चीज, बटाटे, ब्रेड आणि गोड एवढेच पोटभर मिळते, आणि दर सगळ्यांना सारखाच. शिवाय पारंपरिक रॅक्लेट रेनेटने, म्हणजे वासराच्या जठरातून काढलेल्या, दूध गोठवणाऱ्या पदार्थाने बनवतात. चौघींपैकी कोणी ते कडक पाळत असेल तर तिच्यासाठी चीजही गेले. नऊपैकी चौघी शाकाहारी असताना मी ते निवडणार नाही. निवडलेच तर परतीची गाडी जेवायला बसण्याआधी ठरवा, रात्री तिकडे टॅक्सी सहज मिळत नाही.

तोच झगमगाट कमी खर्चात हवा असेल तर संध्याकाळी डिअर व्हॅलीतल्या सेंट रेजिस हॉटेलला जा. फ्युनिक्युलरने (रुळांवरून चढ चढणारी छोटी गाडी) वर नेतात आणि सूर्यास्ताच्या सुमारास तलवारीने शॅम्पेनची बाटली उघडण्याचा सोहळा होतो. नवरीचे फोटो इथे उत्तम येतील. त्यांची ‘७४५२’ नावाची ब्लडी मेरी (टोमॅटोचा रस आणि व्होडकाचे पेय) प्रसिद्ध आहे. हे नाव तिथल्या उंचीवरून, फुटांमध्ये. शाकाहारींनी मात्र विचारून घ्यावी, ब्लडी मेरीत बहुधा वुस्टरशर सॉस असतो आणि त्यात अँकोव्ही मासे असतात.

अशा लपलेल्या गोष्टी आणखी आहेत. सूप आणि रिसोटोत चिकनचा रस्सा, सीझर सॅलडमध्ये अँकोव्ही, मेक्सिकन बीन्समध्ये डुकराची चरबी, शेकोटीवर भाजायच्या मार्शमॅलोत जिलेटिन. ‘व्हेजिटेरियन आहे का’ एवढे विचारून भागत नाही. ‘रस्सा कशाचा आहे’ असे विचारा. अंडे न खाणारीसाठी ताजा पास्ता आणि बहुतेक सगळी गोडे बाद होतात. तिच्यापुरते ‘व्हीगन गोड काय आहे’ असे विचारले की उत्तर नेमके मिळते.

खलबत्ता:

केळवण शुक्रवारीच करा. सगळ्या थकलेल्या असतात, बाहेर गर्दी असते आणि उंचीची सवय व्हायची असते. घरचे वरण-भात त्या रात्री सर्वात जास्त बरे वाटेल.

७००० फुटांवर पाणी साधारण ९३ अंश सेल्सियसलाच उकळते. उघड्या पातेल्यात डाळ तासभर ठेवली तरी कणी राहते, बटाटे आणि मटकीचेही तेच. प्रेशर हवेच. घरमालकाला इन्स्टंट पॉट (विजेवरचा प्रेशर कुकर) आहे का ते आताच विचारा, नसेल तर एक जण सामानात आणा. उंचीवर त्यात वेळ वाढवावा लागतो: २००० फुटांच्या वर दर हजार फुटांना ५ टक्के, म्हणजे तिथे सुमारे २५ टक्के. घरी तूरडाळीला ८ मिनिटे लागत असतील तर १० द्या, मसालेभाताला ६ लागत असतील तर साडेसात-आठ. पाणी नेहमीइतकेच, प्रेशरमध्ये ते वाढवायची गरज नाही. वाढवले की भात गिजगा होतो.

नऊ जणींना तीन वाट्या नव्हे, तीन अमेरिकन कप तांदूळ पुरतात, कारण सोबत बाकीचे असते. श्रीखंडासाठी पूर्ण स्निग्धांशाच्या ग्रीक योगर्टचे ३२ औंसांचे दोन डबे घ्या. तेही थेट पातळ लागते, फडक्यात बांधून तीन-चार तास गाळणीवर ठेवा. साखर ३५० ग्रॅमपासून सुरू करून चाखत वाढवा. गोडा मसाला, केशर, वेलची आणि औक्षणाचे निरांजन बॅगेत आणा, तिथे शोधत बसू नका. निरांजन लावण्याआधी धुराच्या अलार्मपासून लांबची जागा निवडा, लाकडी घरात तो फार लवकर वाजतो.

पोळ्या लाटायचा उत्साह नसेल तर सॉल्ट लेकमधून नान घेऊन चढा. आय-८० घाटात शिरण्याच्या तोंडाशी पार्लीज वे वर बॉम्बे हाउस आहे. विमानतळावर सामान येईपर्यंत फोन करून ऑर्डर द्यायची, वाटेत उचलायची. पुढे अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता, त्यात किराण्याचा थांबा, म्हणून फॉइलमध्ये दुहेरी गुंडाळून मागा. निघण्याआधी त्यांच्या वेळा बघा, युटात रविवारी आणि दुपारी बंद असणारी ठिकाणे बरीच आहेत.

सॉल्टलेककर:

ब्रंच राहिलाच. रविवारी डिअर व्हॅलीतल्या स्टाइन एरिक्सन लॉजचा ब्रंच बघा. १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवलेल्या नॉर्वेच्या स्कीपटूच्या नावाचे हॉटेल आहे ते. बुफे असल्याने शाकाहारींना स्वतः बघून निवडता येते आणि नऊ जणींच्या वेगवेगळ्या आवडी एकाच टेबलावर बसतात. मिमोसा पेल्याच्या हिशेबाने घ्यायचे. आरक्षण लवकर करा आणि बहिणीचे वय आधीच सांगा.

साधा पण फार चांगला नाश्ता हवा असेल तर स्नो क्रीकमधले फाइव्हसीड्स. ऑस्ट्रेलियन धर्तीचे आहे, शक्शुका मिळते (त्यात अंडे असते, हे त्या एकीला सांगा). नऊ जणी एकदम गेलात तर ताटकळाल. उघडतानाच जा किंवा चार-पाचचे दोन गट करा. शनिवारी स्कीला जाणाऱ्या पाच जणी पहिल्या गटात, नवरी आणि उरलेल्या नंतर, आरामात.

आता फोन करायचा क्रम: पहिला शनिवारच्या रिव्हरहॉर्ससाठी, दुसरा रविवारच्या ब्रंचसाठी. मार्चमध्ये शनिवारच्या रात्री सर्वात आधी संपतात. रिव्हरहॉर्सने नाही म्हटले तर लगेच हॅन्डल, आणि तिथे चार-पाचची दोन टेबले मागा.