मोंतोने आणि टायबरचं खोरं : तुमचे अनुभव लिहा

इटलीच्या आपल्या सहली रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस करून परततात. उंब्रिया प्रांतातलं मोंतोने त्यांच्या वाटेवर येत नाही. पेरुजाच्या उत्तरेला, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, डोंगरमाथ्यावर वसलेलं हे तटबंदीचं छोटं गाव. दुसऱ्या महायुद्धात, 10 जुलै 1944 रोजी, याच खोऱ्यात माणगाव तालुक्यातले, ब्रिटिश भारतीय सैन्यात नाईक हुद्द्यावर असलेले यशवंत घाडगे जर्मनांशी लढता लढता पडले. जुलै 2023 मध्ये मोंतोनेने त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारलं. जे जाऊन आलेत त्यांनी हातचं न राखता लिहा. आसपासचं काय पाहिलंत तेही येऊ द्या.

*

मी मूळची माणगावची. तहसील कचेरीच्या आवारातला घाडग्यांचा पुतळा लहानपणापासून पाहत आले, पण इटली म्हणजे नेमकं कुठे, हे कोणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि त्यांच्याशिवाय सगळे ठार किंवा जखमी झाले. ते एकटे धावून गेले. हातबॉम्बने गन बंद पाडली, एकाला गोळी घातली. काडतुसं बदलायला वेळच नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने लोळवलं. मग त्यांना गोळ्या लागल्या. वय अवघं 22. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. त्यांची कबर नाही. नाव आहे ते दूर दक्षिणेला, कॅसिनोच्या स्मारकावर. म्हणून मोंतोनेचं हे घड्याळ मला मोलाचं वाटतं. त्यावरच्या लॅटिन ओळीचा अर्थ : आपण सारे एकाच सूर्याखाली. काट्याची सावली बोटभर सरकेपर्यंत मी तिथून हलले नाही. आमच्या तालुक्यातल्या प्रत्येक शाळेत या गावाचा फोटो लागला पाहिजे.

*

ताई, छान लिहिलंत. मी घाडग्यांच्याच मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालो. खोरं बघितल्यावर लढाई समजते. नदीच्या दोन्ही अंगांना डोंगरसोंडा. जर्मन सैन्य उत्तरेकडे हटत होतं, पण प्रत्येक सोंडेवर मशीनगन ठेवून आपल्या 10व्या भारतीय डिव्हिजनला अडवत होतं. वरून खालचा रस्ता अन् रस्ता दिसतो, खालून वरचं काही दिसत नाही. पलटणीला दुसरा व्हिक्टोरिया क्रॉसही इटलीतच मिळाला, 9 एप्रिल 1945 ला सेनिओ नदीवर, नामदेव जाधव यांना. त्यांनी दोन जखमी साथीदारांना खोल पाण्यातून सुरक्षित जागी नेलं, मशीनगनी बंद पाडल्या आणि बांधावर उभं राहून मराठ्यांची युद्धगर्जना करत मागच्यांना बोलावलं. ते जिवंत परतले. सेनिओ इथून बरीच लांब आहे, तिचा बेत वेगळा आखा.

*

गावाबद्दल थोडं. गाडी तटाबाहेर लावून चढावं लागतं. गुडघे दुखत असतील तर बेताने. उंबेर्तिदे हे जवळचं रेल्वे स्टेशन. चौकाला फोर्तेब्राच्चो हे नाव आहे, ते इथल्या घराण्यातल्या ब्राच्चो या भाडोत्री सेनापतीचं (1368–1424). सान फ्रान्चेस्को चर्चमध्ये आता संग्रहालय आहे. तिथलं 1482 चं, बार्तोलोमेओ कापोराली याने केलेलं मिरवणुकीचं निशाण चुकवू नका. मेरीने झगा पसरून लोकांना पदराखाली घेतलंय.

*

मी निपाणीचा. याच खोऱ्यातल्या चित्ता दी कास्तेल्लो गावाला तंबाखू वाळवण्याच्या जुन्या वखारी आहेत, बाहेरून काळ्याकुट्ट रंगवलेल्या, आणि आत आल्बेर्तो बुर्री यांची प्रचंड चित्रं. आमच्या वखारी आठवल्या आणि पाय निघेना. बुर्री इथलेच, पेशाने डॉक्टर. 1943 मध्ये ट्युनिशियात पकडले गेले आणि टेक्सासच्या युद्धकैदी छावणीत चित्रं काढू लागले. पुढे फाटलेलं, ठिगळ लावलेलं, शिवलेलं गोणपाट हेच त्यांचं माध्यम झालं. ती गोणपाटं मात्र गावातल्या पालाझ्झो आल्बित्सिनीत आहेत, दोन्ही ठिकाणं बघा.

तिथून थोडं उत्तरेला सानसेपोल्क्रो. पिएरो देल्ला फ्रान्चेस्का यांचं ‘पुनरुत्थान’ इथल्या भिंतीवर आहे. 1944 मध्ये एका ब्रिटिश तोफखाना अधिकाऱ्याला या चित्राबद्दल वाचलेलं आठवलं आणि त्याने गावावरचा मारा थांबवला. येशू एक पाय थडग्याच्या कठड्यावर ठेवून सरळ आपल्याकडे बघतो, पायाशी शिपाई गाढ झोपलेत. शेजारच्या मोंतेर्कीत त्याच चित्रकाराची गरोदर मेरी आहे, झग्याच्या फटीवर बोटं ठेवून उभी. मला तीच जास्त आवडली.

*

जवळचं गुब्बिओ गाव राहिलं की! पालाझ्झो देई कोन्सोलीमध्ये प्राचीन उंब्रियन भाषेतले 7 ब्राँझचे पत्रे आहेत, पूजाविधी कोरलेले. आणि ऑगस्टमध्ये जात असाल तर मोंतोनेचा सांता स्पिना उत्सव गाठा. 1473 मध्ये कार्लो फोर्तेब्राच्चो याने येशूच्या काटेरी मुकुटातला म्हणून जो काटा गावाला आणून दिला, त्याचा हा उत्सव. गावातल्या तीन पेठा जुन्या पोशाखात एकमेकींशी चुरस करतात. राहण्याची सोय मात्र आधीच बघा.