उपधातू, अर्धधातू की धातुसदृश?

प्रश्न : एका विज्ञानलेखाचं भाषांतर करतेय. 'मेटल' म्हणजे धातू, 'नॉनमेटल' म्हणजे अधातू, इथवर ठीक. धातू आणि अधातू यांच्या मधल्या 'मेटलॉइड'पाशी अडले. हिंदीत उपधातु दिसतो, एका सहकाऱ्याने अर्धधातू सुचवलाय. सिलिकॉनला नक्की काय म्हणू? 'धातूसदृश्य' चालेल?

प्रतिसाद : अर्धधातू सुटसुटीत आहे की. निम्मे गुण इकडचे, निम्मे तिकडचे.

प्रतिसाद : सुटसुटीत आहे, पण तो शब्द 'सेमीमेटल'साठी राखून ठेवावा लागेल. भौतिकीत ती वेगळी संकल्पना आहे. बिस्मथ त्यात बसतं, आणि आवर्तसारणीत मात्र ते धातूंत गणलं जातं.

शिवाय निम्मे-निम्मे हा हिशोबच मला पटत नाही. सिलिकॉनचा तुकडा हातात घेऊन पाहा. करडा, पोलादासारखा चकचकीत. कोणीही धातूच म्हणेल. आता हातोडी मारा. तांबं असतं तर चेपलं असतं, ठोकत राहिलात तर पत्रा झाला असता. याच्या काचेसारख्या ठिकऱ्या उडतात. वीज नेतो, पण बेताचीच. आणि शुद्ध सिलिकॉन तापवला की जास्त नेऊ लागतो. तांब्याचं नेमकं उलट, तापलं की वहन घटतं. चेहरा धातूचा, स्वभाव निराळा. 'सदृश'मध्ये हेच आलं : तसा दिसणारा, पण तो नव्हे. 'मेटलॉइड'मधलं 'ऑइड'ही 'रूप' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेलं आहे. पाठ्यपुस्तकांनी धातुसदृश निवडला ते बरंच केलं.

उपधातूबद्दल एवढंच, की आयुर्वेदात तो आधीपासून राबतोय. सुवर्णमाक्षिक हे खनिज उपधातू, आणि शरीराच्या संदर्भात स्तन्य, म्हणजे आईचं दूध, हाही उपधातूच.

प्रतिसाद : तसं तर 'धातू'ही राबतोय! सप्तधातूंत रस, रक्त, मांस आहे, 'मेटल' एकही नाही. व्याकरणात क्रियापदाचं मूळ म्हणजे धातू. सगळं संस्कृत 'धा'वरून, ठेवणे, धारण करणे. संदर्भाने अर्थ कळतोच ना?

प्रतिसाद : धातूच्या बाबतीत कळतो, कारण तिन्ही अर्थ रुळलेत. नव्या संज्ञेवर आपण होऊन तो भार कशाला टाकायचा?

मला खरी गंमत 'अधातू'ची वाटते. तो फक्त काय नाही तेवढं सांगतो. त्यामुळे त्या घरात ऑक्सिजनसारखा वायू, ब्रोमीनसारखा द्रव, ठिसूळ गंधक आणि हिऱ्याच्या रूपातला कार्बन, सगळे एकत्र नांदतात. हायड्रोजन तर सारणीत डावीकडे, धातूंच्या डोक्यावर बसलाय. म्हणून 'धातू चमकतात, अधातू चमकत नाहीत' अशी व्याख्या भाषांतरात आली तर जपून. आयोडीनचे स्फटिक चमकतात, ग्रॅफाइट वीज नेतं, पारा साध्या तापमानाला पातळ असतो, सोडियम सुरीने कापता येतो. इलेक्ट्रॉनांवर बोट ठेवलेलं बरं : धातू ते देऊन टाकतात, अधातू बहुधा घेतात किंवा वाटून घेतात.

प्रश्नकर्ती : आणि धातुसदृश मूलद्रव्यं किती? लेखात 6 आहेत, दुसरीकडे 8 दिसली.

प्रतिसाद : बोरॉन, सिलिकॉन, जर्मेनियम, आर्सेनिक, अँटिमनी, टेल्युरियम ही 6 बहुतेक सगळे धरतात. पोलोनियम आणि ॲस्टॅटाइन काही जण घेतात, काही गाळतात. सर्वमान्य काटेकोर व्याख्याच नाही. सारणीत धातू आणि अधातू यांच्या मधोमध काढतात ती नागमोडी रेषा म्हणजे कुंपण नव्हे, बांध समजा.

प्रतिसाद : 'धातूसदृश्य'चं राहिलंच. दोन चुका आहेत. 'सदृश' हे विशेषण, 'सादृश्य' हे नाम. 'सदृश्य' ही दोघांची भेसळ. आणि 'धातू' एकटा असला की तू दीर्घ, समासात आधी आला की ऱ्हस्व : धातुसाधित, धातुकोश, तसंच धातुसदृश. 'अधातू'त तो शेवटी आहे, म्हणून दीर्घच.

जाता जाता : हरताळ म्हणजे आर्सेनिकचं पिवळं सल्फाइड. पोथीत चुकलेल्या अक्षरावर ते फासत, त्यावरूनच 'हरताळ फासणे'.

प्रश्नकर्ती : मग 'धातूसदृश्य'मधल्या 'तू'वर आणि 'श्य'वर फासला. वाक्य आता असं : 'सिलिकॉन हे धातुसदृश मूलद्रव्य आहे.'