मदत हवी आहे : १९७० ची फियाट ११००-डी, जाम झालेले इंजिन. मूळ ब्लॉक वाचवता येईल का?

नमस्कार.

माझ्याकडे १९७० साली नोंदणी झालेली फियाट ११००-डी आहे. ही गाडी वडिलांनी विकत घेतली होती आणि ते असेपर्यंत ती साताऱ्यात रोज रस्त्यावर होती. गेल्या वर्षी मे महिन्यात पुण्याहून परत येताना खंबाटकी घाटात रेडिएटरचा खालचा पाइप फुटला. गाडी चालवणाऱ्या माझ्या चुलतभावाचे तापमानाच्या काट्याकडे लक्ष गेले तोपर्यंत उशीर झाला होता. घाट उतरून गॅरेजपर्यंत पोहोचू या विचाराने त्याने गाडी आणखी तीन-चार किलोमीटर पुढे नेली. शेवटी इंजिनातून ठोके ऐकू आले आणि ते जागच्या जागी थांबले. घरच्या आजारपणामुळे त्यानंतर अकरा महिने मला गाडीकडे पाहता आले नाही. त्यानंतर इंजिन खाली उतरवून मी स्वतः पूर्ण खोलले आहे. आता पुढे काय करावे याबद्दल ज्यांनी प्रत्यक्ष हे काम केले आहे अशा जाणकारांचा सल्ला हवा आहे, म्हणून सगळी मोजमापे सविस्तर देत आहे.

हे तेच १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन आहे, ज्यावर पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली पद्मिनीही धावली. मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ७५ मिमी, ब्लॉक बिडाचा आणि हेड (सिलिंडरांवरचे झाकण) अॅल्युमिनियमचे. म्हणूनच भेटलेल्या प्रत्येक मिस्त्रीने मला एकच मार्ग सुचवला, तो म्हणजे पद्मिनीचे चालू स्थितीतले इंजिन आणून बसवण्याचा. मला तो मान्य नाही, आणि त्याची दोन कारणे आहेत. या ब्लॉकवरचा क्रमांक नोंदणी पुस्तकातल्या क्रमांकाशी जुळतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ रूपात जतन केलेल्या गाड्यांची विंटेज म्हणून वेगळी नोंदणी करता येते. तसा अर्ज करण्याचा माझा विचार असल्याने इंजिन बदलून मला ती वाट स्वतःच्या हाताने बंद करायची नाही. दुसरे कारण घरचे आहे. याच इंजिनावर वडिलांनी मला टॅपेटची फट लावायला शिकवले.

हेड काढताना खूप त्रास झाला. स्टडभोवती अॅल्युमिनियमचा पांढरा क्षार घट्ट बसला होता. आठवडाभर गंजरोधक तेल सोडून, लाकडी हातोडीने चारही बाजूंनी हलके ठोकत ते सोडवले. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधे गॅस्केट जळून गेलेले होते. सरळ पट्टी लावून फिलर गेजने मोजल्यावर लांबीच्या दिशेने हेड मध्यभागी ०.२२ मिमी वाकलेले आढळले. इंजिनाखालचे तेलाचे चेंबर उघडल्यावर तळाशी दुधाळ तेल आणि त्यात बेअरिंगच्या धातूचा चुरा होता.

तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन पूर्ण जाम होता. गॅस्केटमधून उतरलेले पाणी अकरा महिने त्याच्यावर साचून राहिले होते. ट्रान्समिशनचे तेल आणि अॅसिटोन यांचे मिश्रण बारा दिवस आत ठेवून, रॉडची कॅप सोडवून आणि क्रँक काढून घेतल्यानंतर, खालून लाकडी ठोकळा लावून मी तो बाहेर काढला. पिस्टनचा स्कर्ट चिरला आहे आणि रिंगा खाचांतच मोडल्या आहेत.

पिस्टनांच्या माथ्यावर ०.६ चा शिक्का आहे, म्हणजे पूर्वी एकदा बोअर वाढवून ६८.६० केलेला आहे. बोअर डायल गेजने घेतलेली मापे अशी : पहिला ६८.६७, दुसरा ६८.६८, तिसरा ६८.७४ आणि चौथा ६८.६६ मिमी. तिसऱ्या सिलिंडरमध्ये रिंगा जिथे अडकून बसल्या होत्या तिथे गंजाचे खड्डे आहेत आणि त्यांची खोली साधारण पाव मिलिमीटर भरते. अडचण इथेच आहे. खड्डे भिंतीत पाव मिलिमीटर आत असतील तर ते पूर्ण काढण्यासाठी व्यास अर्ध्या मिलिमीटरने वाढवावा लागेल, म्हणजे बोअर ६९.२४ वर जाईल. मला बाजारात मिळू शकणारे सर्वांत मोठे पिस्टन १.० ओव्हरसाइजचे (मूळ मापापेक्षा १ मिमी मोठे), म्हणजे ६९ मिमीचे आहेत. त्यामुळे नुसत्या रिबोअरने, म्हणजे बोअर कापून मोठा करून, तिसरा सिलिंडर साफ होणार नाही, हे उघड आहे.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातील एका मशीन शॉपने चारही सिलिंडरांना स्लीव्ह (आतून बसवायची धातूची नळी) घालून बोअर पुन्हा मूळ ६८ वर आणण्याचा सल्ला दिला. दुसऱ्या ठिकाणी सांगितले की फक्त तिसऱ्याला स्लीव्ह घालावी, बाकीचे तीन ६८.८० ला रिबोअर करावेत आणि स्लीव्हही त्याच मापाला आणून चारही पिस्टन ०.८ ओव्हरसाइजचे टाकावेत. पहिल्या मार्गात मूळ माप परत मिळते, हे मोठे आकर्षण आहे. पण पंचावन्न वर्षांच्या ब्लॉकमधून चार ठिकाणी आणखी धातू काढून टाकायला मन धजत नाही.

क्रँकची स्थिती अशी आहे. तिसऱ्या रॉडचे बेअरिंग वितळून तांब्यापर्यंत गेले आहे, त्या जर्नलवर (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) निळसर डाग आहे आणि त्याची गोलाई ०.०९ मिमीने बिघडली आहे. इतर तिन्ही रॉड जर्नल आणि तिन्ही मेन जर्नल पूर्वी ०.५०८ मिमी अंडरसाइज केलेले (घासून तेवढे बारीक केलेले) असून ते जवळजवळ सुस्थितीत आहेत. ०.७६२ चे बेअरिंग मला कुर्ल्यात एका जुन्या विक्रेत्याकडे मिळाले आहे.

एवढे तापण्यामागे केवळ फुटलेला पाइपच होता असे मला वाटत नाही, हेही नमूद करतो. ब्लॉकचे वेल्च प्लग (पाण्याच्या पोकळीची पत्र्याची बुचे) काढल्यावर चौथ्या सिलिंडरमागच्या पाण्याच्या पोकळीत गंजाचा गाळ दोन बोटे जाड साचलेला होता. काही वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट काढून टाकला गेला आणि त्यानंतर गाडीत कूलंट न घालता नेहमी विहिरीचेच पाणी भरले जात होते. त्या वेळी मी विचारले नाही, याची आज खंत वाटते.

माझे प्रश्न असे आहेत. तिसऱ्या एकट्या सिलिंडरला स्लीव्ह घातल्यास इंजिनाचा समतोल आणि आयुष्य यांवर परिणाम होईल का? निळा पडलेला जर्नल ग्राइंड करून वापरणे सुरक्षित आहे का, की क्रँकच बदलावा? तापलेले अॅल्युमिनियमचे हेड सपाट करून पुन्हा विश्वासाने लावता येते का? २००० सालापासून देशभर शिसेमुक्त पेट्रोल आहे आणि आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. त्यासाठी खोललेल्या इंजिनात आत्ताच काय बदलून घ्यावे?

घाई नाही. खर्चाची मर्यादा आहे, पण चुकीचे काम स्वस्तात करून घेण्यापेक्षा सहा महिने थांबायची तयारी आहे.

प्रतिसाद

नमस्कार. मी अठ्ठावीस वर्षे इंजिन रिकंडिशनिंगच्या कामात होतो आणि या इंजिनाचे ब्लॉक माझ्या हातून पुष्कळ गेले. टॅक्सीच्या काळात ते रांगेने येत असत. आपण मापे दिलीत म्हणून नेमके बोलता येते.

चारही सिलिंडरांना स्लीव्ह घालू नका. जिथे बिघाड आहे तिथेच धातू काढावा. ६८.८० हा अंतिम बोअर आणि दीड मिलिमीटर जाडीची स्लीव्ह धरली तर तिचा बाहेरचा व्यास ७१.८० होतो, म्हणजे आजच्या भिंतीतून एका बाजूला सुमारे दीड मिलिमीटर धातू जाईल. म्हणून कोणतेही काम सांगण्याआधी तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीची जाडी अल्ट्रासॉनिक गेजने चारही दिशांना, वर, मध्ये आणि खाली, अशा बारा ठिकाणी मोजून घ्या. ओतकामात गाभा सरकलेला असला तर एक बाजू जाड आणि दुसरी पातळ निघते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. काम झाल्यावर सर्वांत पातळ जागी तीन मिलिमीटर उरत असतील तर खुशाल पुढे जा. स्लीव्ह दीड ते दोन थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) घट्ट बसली पाहिजे. त्याहून घट्ट बसवली तर शेजारचे बोअर वाकतात. त्यामुळे आधी स्लीव्ह दाबून घ्यायची, मग ब्लॉकचा माथा सपाट करायचा आणि शेवटी चारही बोअर एकाच बैठकीत करून होन करायचे (दगडाने बारीक घासायचे), हा क्रम कारागिराला स्पष्ट सांगा. चारही पिस्टन एकाच मापाचे असल्याने वजनाचा प्रश्न येत नाही. तरीही रॉडसह तोलून पाहा आणि दोन-तीन ग्रॅमपेक्षा जास्त फरक ठेवू नका.

स्लीव्हपेक्षा मला क्रँकची काळजी अधिक वाटते. निळा डाग म्हणजे तो जर्नल फार तापला होता. ग्राइंडिंगच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, अशी दोनदा चुंबकीय पद्धतीने तडा तपासणी करून घ्या, कारण बारीक तडे कधी कधी ग्राइंडिंगच्या उष्णतेनेच उघडतात. तडा जर्नलच्या कडेच्या गोलाईत असेल तर तो क्रँक टाकून द्यावा. त्याबाबतीत हळवे होऊन चालणार नाही. तडा नसेल तर ०.७६२ ला ग्राइंड करा आणि कडेची गोलाई पूर्वीइतकीच ठेवायला सांगा, कारण काटकोनी कोपरा राहिला की क्रँक तिथूनच मोडतो. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे क्रँकमधल्या तेलाच्या मार्गांचे प्लग काढून आतून ब्रशने साफ करा. वितळलेल्या बेअरिंगचा चुरा त्या मार्गांत दडून बसतो आणि नवे बेअरिंग पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये खातो. अशी परत आलेली इंजिने मी पाहिली आहेत, आणि त्यात दोष ग्राइंडिंगचा नव्हता. तिसऱ्या रॉडचा खालचा डोळा बेअरिंगशिवाय, कॅप पूर्ण आवळून मोजा. तो अंडाकृती झालेला असण्याची शक्यता मोठी आहे. बोल्ट नवे घाला. तेलाचा पंप उघडून त्याच्या गिअरवर ओरखडे आहेत का तेही पाहा.

हेड ०.२२ ने वाकले आहे, ते सपाट होईल. मात्र आधी त्याची कठीणता तपासून घ्या, कारण अति तापलेले अॅल्युमिनियम मऊ पडते आणि मग गॅस्केटची पकड राहत नाही. दाबाने पाणी भरून गळती पाहणे आवश्यकच आहे, विशेषतः व्हॉल्व्हच्या सीटांच्या मधल्या भागात. एक्झॉस्टच्या सीट कठीण धातूच्या नव्या घालून घेतल्यात की शिसेमुक्त पेट्रोलची चिंता मिटेल. इथेनॉलसाठी पेट्रोल पंपाचा पडदा, रबरी नळ्या आणि कार्बोरेटरची गॅस्केटे नव्या प्रतीची घ्या. टाकी आतून गंजलेली असेल तर आधी ती स्वच्छ करा, कारण इथेनॉल जुना गंज सोडवून पुढे ढकलते.

थर्मोस्टॅट परत बसवा. तो नसला की पाणी सतत रेडिएटरमधून फिरत राहते आणि इंजिन कधीच योग्य तापमानावर स्थिर राहत नाही.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

आपण इतक्या आपुलकीने आणि बारकाईने लिहिलेत, मनापासून आभार. गेल्या दोन आठवड्यांत आपण सांगितलेल्या क्रमाने तपासण्या करून घेतल्या. तिसऱ्या सिलिंडरची भिंत बारापैकी अकरा ठिकाणी पाच मिलिमीटरहून जाड आहे. पुशरॉडच्या बाजूला, मध्यावर, ती ४.६ मिमी भरली. म्हणजे स्लीव्हनंतर तिथे तीन मिलिमीटरच्या किंचित वर धातू उरेल. एकाच सिलिंडरला स्लीव्ह घालण्याचे नक्की केले आहे. क्रँकच्या पहिल्या तपासणीत तडा आढळला नाही. मार्गांचे प्लग काढल्यावर तिसऱ्या जर्नलच्या वाटेतून चमचाभर चुरा निघाला, आणि आपण लिहिले नसते तर तो तसाच आत राहिला असता.

हेडबाबत मात्र नवी अडचण उभी राहिली आहे. पाण्याच्या दाबाखाली गळती नाही, पण कठीणता दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरमधल्या पट्ट्यात बाकी हेडपेक्षा स्पष्ट कमी आली. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. टॅक्सी भंगारात निघत होत्या तेव्हा हेड सहज मिळत असे. आता कुर्ल्यात दोन मिळाली, पण दोन्ही आधीच खूप घासलेली आहेत आणि त्यांची उंची माझ्या हेडपेक्षा सव्वा मिलिमीटर कमी आहे. हेड इतके खाली आले की कॉम्प्रेशन वाढेल आणि पुशरॉडही तेवढेच लांब पडतील. माझेच मऊ पडलेले हेड पुन्हा उष्णताप्रक्रिया करून वापरावे, की न घासलेल्या हेडचा शोध चालू ठेवावा? ज्यांनी या हेडवर अशी प्रक्रिया करून घेतली आहे त्यांनी नंतर ते किती वाकले आणि किती किलोमीटर टिकले, हे कृपया लिहावे. तोपर्यंत ब्लॉक कोल्हापूरला पाठवत आहे.