मनपाचं कोरोनाचं अनुदान अडकलंय, कोणी मार्ग सांगेल का? (मदत हवी आहे)

हातगाडी_नं_दोन
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय. आईला मनपाकडून मिळणाऱ्या कोरोनाच्या अनुदानाचा दुसरा हप्ता अडकलाय. चार वेळा मनपात जाऊन आलो, खिडकीवरचा माणूस स्क्रीनकडे बघतो आणि 'बँकेत जा' म्हणतो, बँकेत गेलं की ते म्हणतात मनपात जा. मार्चमध्ये गेलो होतो तेव्हा तर बंद झालंय म्हणून हाकललंच. सगळी कागदं आहेत. तक्रार कुठे करायची, आयुक्तांकडे की 'आपले सरकार' पोर्टलवर? लवकर सांगा, सोमवारी परत सुट्टी टाकतोय.

निवृत्त_कारकून
कसलं अनुदान? आईंचा धंदा कोणता? हप्ता म्हणजे मिळायचा की भरायचा? आणि 'सगळी कागदं' म्हणजे कुठली? असं अर्धवट लिहिलंत तर कोण काय सांगणार.

चिंचगुळ
भाऊ सरळ माहितीचा अधिकार टाका. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. मी पाण्याच्या लाइनसाठी टाकला होता, अठराव्या दिवशी माणूस पाना घेऊन दारात हजर.

हातगाडी_नं_दोन
वडापावची गाडी आहे हो. हप्ता मिळायचा. पहिले दहा हजार २०२० च्या दिवाळीत मिळाले, पुढचे वीस मिळणार होते. मला पाण्याची लाइन नकोय.

निवृत्त_कारकून
मग ते अनुदान नाही, पीएम स्वनिधी आहे. कर्ज आहे ते. जून २०२० मध्ये केंद्रानं पथविक्रेत्यांसाठी आणलं, पैसे बँक देते, मनपा फक्त प्रमाणपत्र नाहीतर शिफारस पत्र देते. पहिलं दहा हजारांचं कर्ज फेडलं की वीस, ते फेडलं की पन्नास. वेळेवर भरलं तर सात टक्के व्याज सरकार परत टाकतं, एवढाच त्यातला अनुदानाचा भाग. आता मुद्द्याचं सांगा, पहिले दहा हजार पूर्ण फिटले का?

हातगाडी_नं_दोन
कर्ज?? तेव्हा गाड्यावर येऊन फॉर्म भरून घेणारा मुलगा म्हणाला होता सरकार देतंय म्हणून. आई दर महिन्याला काहीतरी भरायची ते माहितीय, मला वाटलं तिची भिशी. थांबा तिला विचारून सांगतो.

पांढरपेशा_७७
म्हणजे फुटपाथ अडवायचा आणि वर सरकारनं पैसेही द्यायचे. आमच्या गल्लीत संध्याकाळी म्हाताऱ्या माणसाला चालायला जागा नसते, त्याचं अनुदान कोण देणार?

रस्त्यावरची
आले का! अहो, २०१४ चा पथविक्रेता कायदा वाचा जरा. दर पाच वर्षांनी सर्व्हे करायचा, जागा आखून द्यायच्या, समितीत ४० टक्के निवडून आलेले विक्रेते घ्यायचे, सगळं लिहिलंय. जागा आखून दिल्या नाहीत म्हणून फुटपाथवर उभं राहावं लागतं. माझी आई लॉकडाऊनमध्ये घरी बसून रोज ओटा पुसत होती, दुसरं कामच नव्हतं.

पांढरपेशा_७७
कायद्यात विक्रेत्यांच्या संख्येवर लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांची मर्यादापण आहे, ती कोणी सांगत नाही.

व्याजदर
भांडण बाजूला ठेवा. माझं स्पष्ट मत, दहा-वीस हजारांसाठी मनपाच्या पायऱ्या झिजवू नयेत. केंद्राच्या मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज घ्या, पन्नास हजारांपर्यंत मिळतं, तारण नाही, सर्व्हेच्या पावतीची भानगड नाही. मी माझ्या शिवणकामाला घेतलं, कुणाचे पाय धरले नाहीत.

चिंचगुळ
मुद्रावाले गाड्याला उभं करत नाहीत ताई. माझ्या मेव्हण्याला तीन शाखांनी वाटेला लावलं.

व्याजदर
मेव्हण्याचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, बघा आधी.

हातगाडी_नं_दोन
विचारलं. आईकडे शंभर पानी वही आहे, मागच्या पानावर तारखा आणि पुढे बरोबरच्या खुणा. अकरा खुणा. मे २०२१ समोर नुसती आडवी रेघ, तेव्हा गाडी महिनाभर झाकून ठेवली होती. जून-जुलै उशिरा गेलेत. शेवटी बँकेत जाऊन एकदम रोख भरले म्हणते, पावती वहीत टाचलेली आहे पण शाई उडालीय, नुसता शिक्का दिसतो. ती म्हणते फिटलं. त्या वेळी राज्यानं पण काहीतरी पंधराशे जाहीर केले होते ना, त्यातून वळते झाले असतील का?

रस्त्यावरची
नाही, ते वेगळं. एप्रिल २०२१ मध्ये राज्यानं नोंदणी असलेल्या फेरीवाल्यांना आणि रिक्षावाल्यांना १,५०० जाहीर केले होते. ते परत करायचं नव्हतं. अनुदान म्हणायचं तर त्याला म्हणा.

निवृत्त_कारकून
तुमचं दुखणं इथेच आहे. बारा हप्त्यांचं कर्ज, अकरा खुणा, मधे खाडा. नव्वद दिवस थकलं की खातं एनपीएत, म्हणजे थकीत कर्जात, जातं. मुद्दल भरलं तरी दंडव्याजाचे शे-दोनशे मागे राहतात आणि खातं उघडंच राहतं. पहिलं बंद दिसल्याशिवाय दुसरं पुढे सरकत नाही, आणि ती नोंद बँकेनं करायची असते. मनपातल्या माणसाला तिथे बोटही लावता येत नाही, तुम्ही उगाच त्याच्यावर चिडलात.
सोमवारी मनपात जाऊच नका. बँकेत जा, बचत खात्याचं पासबुक नको, कर्जखात्याचा उतारा मागा. कर्जखात्याचा नंबर वेगळा असतो. बाकी असेल ती भरा, बेबाकी दाखला, म्हणजे काही बाकी नसल्याचा दाखला, शिक्क्यासकट घ्या आणि त्यांनी स्वनिधीच्या पोर्टलवर खातं बंद केल्याशिवाय खुर्ची सोडू नका. आधारला जोडलेला मोबाइल बरोबर न्या, ओटीपी त्यावरच येतो.
मार्चचं म्हणाल तर ते खरं होतं. कर्जवाटपाची मुदत ३१ डिसेंबर २०२४ ला संपली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ती ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवली, आता पहिलं १५ आणि दुसरं २५ हजार झालंय, तिसरं पन्नासच.

चिंचगुळ
पैसे आले की बोलून सांगणारा तो साउंडबॉक्स घ्या बरं का. यूपीआयवर व्यवहार केले की कॅशबॅक मिळतो स्वनिधीत, महिन्याला शंभरपर्यंत मिळायचा. डब्याला प्लास्टिकची पिशवी गुंडाळा, नाहीतर तेलाच्या वाफेनं आवाज बसतो.

हातगाडी_नं_दोन
आधारला जुना नंबर आहे, ते सिम बाबांच्या फोनमध्ये होतं, बाबा गेल्यावर बंद केलं.

निवृत्त_कारकून
अहो हे पहिल्याच दिवशी सांगायचं! आधी आधार केंद्रात नंबर बदलून घ्या, आईंना स्वतः जावं लागेल, अंगठा लागतो. तोपर्यंत बँकेचा उतारा काढून ठेवा, त्याला ओटीपी लागत नाही.

व्याजदर
इतका व्याप करण्यापेक्षा बचत गट परवडला. आमच्या गटात हात वर केला की पैसे.

रस्त्यावरची
मघाशी मुद्रा होतं ना?

हातगाडी_नं_दोन
अपडेट. कारकूनकाका, तुमचं खरं निघालं. कर्जखात्यावर ३१२ रुपये बाकी. तीनशे बारा! चार वर्षं. काउंटरवरच्या मॅडमना पावती दाखवली तर त्यांनी ती उजेडाकडे धरून बघितली आणि म्हणाल्या यात काहीच दिसत नाही. भरून टाकले. दाखला गुरुवारी देणार, साहेब रजेवर आहेत. आधारचं शुक्रवारी, आईला त्या दिवशी गाडी उशिरा लावावी लागेल म्हणून ती माझ्यावरच चिडलीय. वीसच्या जागी पंचवीस होणार हे सांगितल्यावर म्हणाली आधी विचार ते परत करायचे का.

निवृत्त_कारकून
करायचे. हे तिला आधीच नीट सांगा, नाहीतर परत खुणा मोजत बसाल.

नवा_गडी
माफ करा मधेच विचारतो. माझ्या भावाचं झेरॉक्सचं आहे, त्याला हे अनुदान मिळेल का? सगळी कागदं आहेत.

रस्त्यावरची
गाळा आहे की टपरी?