अनुभव धागा : ख्रिस्ती विश्वासातल्या सोबत्याला कौतुकाचे वा धीराचे शब्द तुम्ही कधी, कसे बोलून दाखवले?

बायबलमधल्या, प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा सोळावा अध्याय आपण बहुधा घाईघाईने उरकतो, कारण त्यात नुसती नावे आहेत असे आपल्याला वाटते. पौल मात्र तेथे वीसहून अधिक माणसांना एकेक करून सलाम सांगतो आणि अनेकांच्या नावापुढे त्यांनी नेमके काय केले तेही लिहितो : फीबीने पुष्कळांना साहाय्य केले, प्रिस्क आणि अक्विला यांनी त्याच्यासाठी आपला जीव धोक्यात घातला, मरीयेने श्रम केले. आपल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या समुदायांत, मात्र कोणाचे कौतुक करायचे म्हटले की ‘गौरव देवाला’ असे म्हणून आपण गप्प बसतो, जणू माणसाचे आभार मानले तर देवाच्या वाट्याचे काही कमी होणार आहे. पौल देवाचे आभार मानतो आणि आपण ते मानतो हे त्या माणसांनाही कळवतो. आपले अनुभव लिहावेत, फसलेलेही चालतील.

निवृत्त शिक्षिका, अहिल्यानगर
आमच्या मंडळीत पेटी वाजवणारे काका कित्येक वर्षे एकाच खुर्चीवर बसत आले आहेत आणि सूर चुकला की त्यांचे नाव निघते, एरवी निघत नाही. एका रविवारी उपासनेनंतर मी त्यांना म्हटले, “काका, शेवटच्या कडव्याआधी तुम्ही क्षणभर थांबता, त्यामुळे आम्हा म्हाताऱ्यांना दम घेता येतो, हे मी फार दिवसांपासून पाहते आहे.” ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग हसून म्हणाले, “बाई, भाता फाटला आहे, हवा भरायला थांबावे लागते.” पुढे भाता दुरुस्त झाला, थांबणे मात्र त्यांनी सोडलेले नाही.

विद्यार्थी, मूळचा नवापूर तालुक्यातला, सध्या पुणे
आमच्या घरी मावची बोलतात. पुण्याच्या तरुण संघात सगळे शुद्ध मराठीत लांबलचक प्रार्थना करीत, तेव्हा माझी पाळी आली की मी ‘आमेन’ एवढेच म्हणत असे, आणि त्यामुळे मी अबोल आहे असा समज झाला होता. संघातल्या एका ताईंनी मला बाजूला घेऊन विचारले, “तुझी आई घरी कोणत्या भाषेत प्रार्थना करते?” मी सांगितले. “मग आज तशीच कर, देवाला दुभाष्या लागत नाही,” असे त्या म्हणाल्या. त्या रात्री मी मावचीत प्रार्थना केली. कोणाला फारसे कळले नसावे, पण नंतर दोघांनी विचारले की ‘पावसासाठी’ तुमच्यात काय म्हणतात. ‘घाबरू नकोस’ हे मला त्याआधी अनेकांनी सांगितले होते. आईबद्दल कोणी विचारले नव्हते.

लेखापाल, ठाणे
माझा अनुभव फसलेला आहे. मित्राचे वडील गेले, त्याच संध्याकाळी मी त्याला ‘सर्व गोष्टी मिळून कल्याणकारी होतात’ या अर्थाचे वचन पाठवले. वचन खरे होते, पण वेळ माझी चुकली. बायबलमधल्या दुःखी ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर न बोलता बसले, तोवर त्यांचे बरोबर चालले होते. मी तर पहिल्याच संध्याकाळी तोंड उघडले. दोन महिन्यांनी मी क्षमा मागितली, तेव्हा तो म्हणाला, “तू यायला हवे होतेस.”

गृहिणी, वसई
बाळ गेल्यानंतर मी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाणे थांबवले होते. धर्मग्रामातल्या (आमच्या चर्चच्या परिसरातल्या) पुष्कळ जणी समजवायला येऊन गेल्या. शेजारची मैत्रीण मात्र दर मंगळवारी येत असे, भाजी निवडत बसत असे, आणि चर्चविषयी तिने एकदाही विषय काढला नाही. ईस्टरआधीच्या उपवासकाळात मीच तिला विचारले की माझ्यासाठी प्रार्थना करतेस का. “रोजच्या रोझरीत, जपमाळेच्या प्रार्थनेत, तुझे नाव घेते आणि बाळाचेही घेते,” ती म्हणाली. बाळाचे नाव तोवर कोणी माझ्यासमोर उच्चारतच नव्हते. मी पुन्हा मिस्साला जाऊ लागले ते बऱ्याच उशिरा, आणि त्याचे श्रेय तिने कधी घेतले नाही, म्हणून ते येथे लिहिते आहे.

पाळकांची (चर्चच्या धर्मगुरूंची) पत्नी, मराठवाडा
बदली झाली की निरोपसमारंभ होतो, भाषणे होतात आणि शाल मिळते. आमच्या कपाटात सात शाली आहेत. त्या भाषणांतले एकही वाक्य मला आठवत नाही. शब्बाथशाळेतल्या (मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गातल्या) एका मुलीने विचारलेले मात्र आठवते : “मागच्या रविवारी तुम्हाला ताप होता ना, मग गोष्ट सांगायला का आलात?” मी म्हटले, “तुम्ही वाट पाहत असाल म्हणून.” ती म्हणाली, “पाहतच होतो.”