देवाचं प्रेम आहे म्हणून तुमचं घर वाचलं, मग आमचं का बुडलं?

पंचगंगाकाठ (धागा काढणारा)

मागच्या रविवारी उपासना झाल्यावर चर्चच्या आवारात चहा चालला होता, तिथं एका काकांनी साक्ष सांगितली. २०१९ च्या महापुरात पाणी त्यांच्या पायरीपर्यंत आलं आणि तिथनंच परत फिरलं, देवाचं आपल्यावर किती प्रेम आहे ते त्या दिवशी कळालं म्हणाले. सगळे आमेन म्हणाले, मीपण म्हणालो. पण घरी येईपर्यंत डोक्यात तेच घोळत होतं, कारण आमचं घर कोल्हापुरात शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या जवळ, आणि त्याच पुरात आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट, त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं. मग आमच्यावर प्रेम नव्हतं का?

काकांवर राग नाही, त्यांचा आनंद खरा आहे. पण मला वाटतंय की देवाचं न ढळणारं प्रेम म्हणजे घर वाचणं नव्हे, आणि आपण ख्रिस्ती लोकांनी असं बोलायचं थांबवायला पाहिजे, कारण त्याच चहात शेजारी एखादी बाई उभी असते जिचं सगळं वाहून गेलंय, आणि तिला आपण न बोलता सांगून टाकतो की तुझ्यावर त्याचं तेवढं प्रेम नाही.

जुन्या करारात यासाठी हिब्रू शब्द आहे हेसेद. मराठी बायबलात तो कुठं दया म्हणून येतो, कुठं वात्सल्य म्हणून. नुसती माया नाही, दिलेल्या शब्दाला धरून राहिलेली माया, समोरच्यानं हात सोडला तरी न सोडणारी. स्तोत्र १३६ मध्ये २६ वचनं आहेत आणि प्रत्येक वचनाला एकच पालुपद, त्याची दया सनातन आहे. पण मला जास्त धरून ठेवतं ते जुन्या करारातलंच विलापगीत हे पुस्तक. इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलच्या सैन्यानं यरुशलेम जाळलं, मंदिर गेलं, पोरं आईच्या मांडीवर भुकेनं जीव सोडतायत, आणि असल्या पाच अध्यायांच्या बरोबर मधल्या अध्यायात तो माणूस लिहितोय की परमेश्वराची दया संपलेली नाही, रोज सकाळी ती नवी असते. घर वाचल्यावर लिहिलेलं नाही हे, राखेत बसून लिहिलंय.

सरळ_प्रश्न

दादा, मी कुठलाच देव मानत नाही, तरी तुमचं लिखाण मनापासून वाटलं म्हणून लिहितोय. तुम्ही काकांची चूक दुरुस्त करायला गेलात आणि स्वतः जास्त अडचणीत आलात. घर वाचलं तर प्रेम, बुडलं तरी प्रेम, मग काय झालं तर तुम्ही म्हणणार की प्रेम नाही? काहीही झालं तरी जी गोष्ट खरीच ठरते ती आपल्याला काही सांगतच नाही.

पुराला कारणं आहेत की. आठवडाभर तुफान पाऊस, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाण्याची पातळी वाढली की आपोआप उघडतात, आणि आपण पूररेषेच्या आत खुशाल घरं, हॉल, अपार्टमेंटं बांधून बसलोय. नदीला आत कोण प्रार्थना करतंय ते कळत नाही. आणि पोरगं पाण्यात गटांगळ्या खातंय, बापाला पोहता येतंय, तरी तो काठावर उभा राहून माझं तुझ्यावर प्रेम आहे म्हणत असेल तर त्या बापाला आपण काय म्हणू?

मिरजकर

मी विश्वासणारा आहे, चाळीस वर्षं मंडळीत आहे, आणि मला धाग्यातला विचार धोक्याचा वाटतो. देवाचं प्रेम सनातन आहे हे कबूल, पण ते कसंही वागा, कुठंही फिरा, मिळतच राहणार असं पोरांच्या मनात भरलं तर आज्ञापालनाला अर्थ काय राहिला? योहान १५ मध्ये प्रभू स्वतः म्हणतो की माझ्या आज्ञा पाळाल तर माझ्या प्रीतीत राहाल. त्यात 'तर' आहे, तो खोडता येत नाही. आणि इब्री १२ मध्ये आहे की ज्याच्यावर प्रीती करतो त्याला तो शिक्षा लावतो. संकट आलं की आधी माणसानं स्वतःचं मन तपासावं, आमच्या वडिलांनी आम्हाला हेच शिकवलं. आजकाल सगळ्यांना नुसतं गोड ऐकायचंय.

पंचगंगाकाठ

मिरजकर काका, तुमच्या वयाचा मान ठेवून बोलतो. मन तपासायला माझी ना नाही. पण पूर ही शिक्षा होती असं म्हणत असाल तर लूक १३ वाचा. शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली, तर येशू विचारतो की यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा ते जास्त अपराधी होते असं वाटतं का तुम्हाला, आणि स्वतःच सांगतो, नाही. पश्चात्ताप करा असंही तो पुढं म्हणतो, ते मी लपवत नाही, पण ते जिवंत उरलेल्यांना म्हणतो, मेलेल्यांचा हिशोब मांडत बसत नाही. 

आणि उधळ्या पुत्राची गोष्ट. बापाकडनं वाटणी घेऊन उडवलेलं, शेवटी डुकरं राखायची वेळ आलेलं पोरगं घरी परत निघालंय, वाटेत पाठ करत येतंय, बाबा मी पाप केलं, आता तुमचा पोरगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, मला चाकरासारखं ठेवा. घरी आल्यावर ते बोलायला लागतं, पण चाकराचं वाक्य त्याच्या तोंडातनं बाहेरच पडत नाही, त्याआधीच बाप झगा आणा, अंगठी आणा म्हणून ओरडायला लागलाय. आणि तो लांब असतानाच बाप पळत गेलेला. माफी ऐकून पळाला नाही.

मिरजकर

पोरगा उठून आला म्हणून बापाला पळता आलं. डुकरांतच बसला असता तर?

पंचगंगाकाठ

तर बाप रोज वाटेकडं बघत बसला असता काका. प्रेम तेवढंच राहिलं असतं, पोराला मिळालं नसतं. योहानातला तुमचा 'तर' मी असाच वाचतो, प्रीतीत राहायचं की नाही ते माझ्या हातात आहे, ती आटवणं माझ्या हातात नाही.

माळकरी_घर

मी ख्रिस्ती नाही, आमच्यात पाच पिढ्या वारी आहे, पण वाचून राहवलं नाही. तुम्ही जे विलापगीताचं सांगितलं ते आमच्याकडं तुकोबांचं आहे. १६३० च्या सुमाराचा दुष्काळ, धंदा बुडाला, पहिली बायको अन्न अन्न करत गेली, हे त्यांनी स्वतः अभंगात सांगितलंय, आणि त्यानंतर ते पुरते विठ्ठलाचे झाले. म्हणून सरळ_प्रश्न यांना सांगावंसं वाटतं की भक्त आधी हिशोब घालून मग प्रेम करत नाही. आणि माऊली म्हटल्यावर ती दुखू देणारच नाही असं कुणी धरतच नाही आमच्यात, तिच्या कुशीत रडता येतं एवढं पुरतं.

कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, तरी तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडं आलो असं ते म्हणायचे. त्यामुळं हे तुमचं बोलणं मला परकं वाटत नाही, फक्त त्या पुलावर आम्ही अलीकडंच थांबलोय आणि आम्हाला इथंच बरं आहे.

सरळ_प्रश्न

ताई, रडता येतं हे मला पटतं. पण मग ते माणसाच्या मनाचं बळ झालं, देवाचं प्रेम आहे हे त्यानं सिद्ध होत नाही. आणि माझा काठावरच्या बापाचा प्रश्न तसाच राहिलाय.

रात्रपाळी_सिस्टर

वीस वर्षं वॉर्डात काढली. 'देवाची इच्छा' हे वाक्य पोरगं गेलेल्या आईला कृपा करून कुणी बोलू नका, कुठल्याही धर्माचे असा. पाणी द्या, शेजारी बसा. बाकी तुमची चर्चा चालू दे.

पंचगंगाकाठ

सिस्टर, मनातलं बोललात.

सरळ_प्रश्न, काठावरच्या बापाला माझ्याकडं उत्तर नाही. खोटं उत्तर देणार नाही. स्तोत्र ८८ तर शेवटी अंधारातच संपतं, कुणी उजेड लावत नाही तिथं, आणि तरी ते बायबलात ठेवलंय. मला फक्त एवढं म्हणायचंय की माझा देव काठावर उभा नाही. वधस्तंभावर येशू ओरडतोय, माझ्या देवा, तू मला का सोडलंस, म्हणजे तो प्रश्न तुमच्याआधी त्यानंच विचारलाय, पाण्यातनं विचारलाय. बुडणाऱ्याबरोबर उतरलेला देव मी मानतो. त्यानं पाणी का थांबवलं नाही हे मलाही त्याला विचारायचंय.

घरातलं सांगतो. पाणी ओसरल्यावर आम्ही आत गेलो तर फ्रिज आडवा होऊन तरंगत पलंगावर जाऊन बसलेला, भिंतीला गाळाची रेघ, आणि सगळीकडं तो वास. आईचं बायबल पलंगाखालच्या पेटीत होतं, ते फुगून विटेएवढं झालेलं. तिनं बाकी काही आवरायच्या आधी ते घेतलं, एकेका पानात वर्तमानपत्राचा तुकडा घातला आणि वीज आल्यावर पंख्याखाली ठेवलं, चार दिवस. बरीच पानं सुटली, पण स्तोत्रांचा शेवटचा गठ्ठा गाळानं असा चिकटला की बोथट सुरी घालून बघितली तरी फाटायला लागला, मग तिनं सोडून दिलं. १३६ वं त्यातच आहे. आता ती ते पहाटे तोंडपाठ म्हणते, कधी एखादं वचन चुकतं, पालुपद चुकत नाही. 

आणि आईला त्या पाण्यातनं बाहेर कुणी काढलं, तर शेजारच्या कुंभारकाकांनी. गणपतीला महिनासुद्धा राहिला नव्हता, त्यांच्या वर्षाच्या कमाईच्या मूर्ती खाली होत्या, पोरं त्या माळ्यावर चढवायलीत, आणि हे मध्येच सगळं सोडून आईला खांद्यावर घेऊन मेन रोडपर्यंत गेले. तेवढ्यात खालची रांग पाण्यात गेली.

सरळ_प्रश्न

मग हे प्रेम कुंभारकाकांचं ना हो. त्यांचं श्रेय देवाला का द्यायचं, आणि तेही तुमच्या देवाला?

पंचगंगाकाठ

त्यांचंच आहे. ते स्वतः म्हणतात की बाप्पानं बुद्धी दिली, आणि ते त्यांच्या तोंडातनं काढून घ्यायचा मला अधिकार नाही. मी माझ्या प्रार्थनेत ख्रिस्ताचे आभार मानतो आणि काकांचं नाव घेतो, दोन्ही एका दमात. मला ते वेगळं काढता येत नाही, तुम्हाला येत असेल.

सरळ_प्रश्न

मला येतं, आणि मी माझ्या मतावर आहे. पण त्या मूर्तींचं पुढं काय झालं? आणि पुन्हा २०२१ ला?

पंचगंगाकाठ

खालच्या सगळ्या गेल्या, मातीच्या मूर्तीला पाणी लागल्यावर काय राहतंय. आईनं पुढच्या महिन्याच्या पेन्शनमधनं पैसे नेऊन दिले, त्यांनी घेतले नाहीत, दोघांचं दारात उभं राहून भांडण झालं. २०२१ ला पाणी परत आलं तेव्हा आम्ही सगळे आदल्या दिवशीच बाहेर पडलो. आता जून लागला की आई ती बायबलची पेटी घेते आणि आमच्या घरापेक्षा उंच म्हणून त्यांच्या माळ्यावर मूर्तींच्या शेजारी ठेवून येते, दसरा झाला की परत आणते. मधले चार महिने पाठांतरावर.